जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे मुख्यत्वेकरून देवालयांच्या संदर्भात वापरला जातो. पडझड झालेल्या मंदिराची डागडुजी करून तेथील पूजाअर्चा पुन्हा सुरू करणे हे पुण्यकर्म मानले गेले आहे. तथापि या पुण्यकर्माच्या भरात अनेक ठिकाणी काळ्या पाषाणाच्या कोरीव खांबांवर तैलरंगाचे थर चढले, गाभाऱ्याच्या भिंतींना स्नानगृहाच्या फरश्या बसल्या, आणि ज्या वास्तूसाठी हा सारा खटाटोप केला ती वास्तूच नव्या कवचाखाली दिसेनाशी झाली. श्रोतेहो, जुन्या मोटारगाडीच्या बाबतीतही नेमके असेच घडते. आणि ते घडवून आणणारी माणसे गाडीची शत्रू नसतात. तिच्यावर मनापासून प्रेम करणारीच असतात.

हा विषय मोघमपणे मांडण्यापेक्षा एका परिचित गाडीच्या आधाराने मांडणे अधिक सोयीचे होईल. ही गाडी म्हणजे फियाट ११००. इटलीतील फियाट कंपनीने १९५३ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली आणि दुसऱ्याच वर्षी, १९५४ मध्ये, ती भारतात आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे; त्याच कारखान्यातून ही छोटी इटालियन गाडी बाहेर पडू लागली. तिच्या पुढे आलेल्या गोलसर नाकाडामुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. नाव अवमानकारक असले तरी ते देणाऱ्यांच्या मनात अवमान नव्हता. पुढे १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७४ पासून त्याच गाडीला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि २०००च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. साऱ्या देशात दोन-तीन पिढ्यांनी या गाडीत प्रवास केला असल्यामुळे, पन्नाशी-साठीत पोहोचलेला एखादा गृहस्थ ‘वडिलांची होती तशी’ फियाट विकत घेण्यास निघतो, यात नवल काही नाही.

असा खरेदीदार बहुधा गाडीच्या रंगाकडे पाहतो. वस्तुतः पाहण्यासारखे जे असते ते रंगाखाली असते. त्या काळातील पुष्कळशा गाड्यांना पोलादी चॅसी असे आणि तीवर शरीर वेगळे बसवलेले असे. शरीराचा पत्रा कुजला तरी चॅसी भक्कम असल्यास गाडी वाचत असे. फियाट ११०० मध्ये अशी स्वतंत्र चॅसी नाही. तिचा तळपत्रा आणि दरवाजांच्या खाली दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पेटीसारख्या पोकळ पट्ट्या हेच तिचा सारा भार वाहतात. पावसाचे पाणी, रस्त्यावरचा चिखल आणि किनारपट्टीची खारट हवा नेमकी या पोकळीत साचते व आतून गंज चढू लागतो. बाहेरून पुट्टी भरून रंग दिला की तळहाताएवढे भोकही झाकले जाते. रुमालात गुंडाळलेले एक साधे लोहचुंबक या लबाडीचा छडा लावते: पत्र्याला ते चिकटते, पुट्टीला चिकटत नाही.

१९५०च्या दशकातील मॉडेलमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी लागते. तिचे पुढचे दरवाजे मागच्या कडेला बिजागऱ्यांवर टांगलेले असतात व मागचे दरवाजे पुढच्या कडेला. म्हणजे चारही दरवाजांचा भार मधल्या खांबांवर येतो. दरवाजा उघडून तो किंचित उचलून पाहावा. तो हलला, किंवा बंद करताना खाली घासला, तर दोष बिजागरीचा असू शकतो. पण खांबाचे मूळच कुजलेले असण्याचा संभव अधिक. पहिल्या दोषाची दुरुस्ती एका दुपारची आहे, दुसऱ्याची काही महिन्यांची.

गाडी कोठून आली हे विचारणे म्हणजे निव्वळ कुतूहल नव्हे. जोधपूर-जैसलमेरकडील गाडीचा पत्रा पुष्कळदा अभंग असतो. मात्र तेथील उन्हाने रबर, कापड व तारांची वेष्टने यांचा चुरा झालेला असतो. कोलकाता, मुंबई किंवा चेन्नईतील गाडीची गोष्ट उलटी. तेथे आसने शाबूत आणि तळ गेलेला. या दोहोंपैकी एक निवडायची झाल्यास कोरड्या प्रदेशातील गाडी घ्यावी, कारण रबर नवे मिळते. आणि कागदपत्रे? नोंदणी पुस्तकातील चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी जुळतात की नाही, विकणारा खरोखर मालक आहे की मालकाच्या चार वारसांपैकी एक, हे पैसे देण्यापूर्वी पाहायचे असते. पुष्कळजण ते नंतर पाहतात.

गाडी घरी आल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा. दहा-वीस वर्षे उभी असलेली गाडी एकदा सुरू करून पाहण्याचा मोह अनावर असतो. शेजारीपाजारी धक्का मारण्यास तत्परच असतात. परंतु एवढ्या काळात सिलिंडरच्या भिंतींवरील तेल उतरलेले असते आणि पिस्टनच्या कड्या गंजाने भिंतींना चिकटलेल्या असतात. जबरदस्तीने फिरवल्यास त्या तुटतात व भिंतीवर ओरखडे काढतात. जाणता मिस्त्री स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून थोडे तेल सोडतो आणि चार-सहा दिवस गाडीकडे फिरकतही नाही. नंतर तो इंजिन हाताने अगदी सावकाश फिरवून पाहतो. टाकीतील जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट साका झालेला असतो, तो कार्ब्युरेटरमध्ये जाऊ नये म्हणून टाकी आधी उतरवावी लागते. ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो आणि आतल्या सिलिंडरांना गंजवतो. तेव्हा पायाखाली ब्रेक घट्ट लागला तरी त्यावर विश्वास ठेवू नये. उंदरांनी कुरतडलेल्या तारांना बॅटरी जोडणे म्हणजे आगीला आमंत्रणच होय.

या गाडीच्या इंजिनाचा एक स्वभावविशेष येथे सांगितला पाहिजे. १०८९ घन सेंटिमीटरच्या या इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा असून वरचे झाकण, ज्याला कारागीर ‘हेड’ म्हणतात, ते ॲल्युमिनियमचे आहे. वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा नळाचे जड पाणी ओतले गेल्यामुळे हेडमधील पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात आणि रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजतात. मग गाडी घाट चढताना तापते. मालक नवे गॅस्केट बसवतो, काही दिवसांनी गाडी पुन्हा तापते, पुन्हा गॅस्केट येते. खरा दोष मात्र हेडच्या कुजलेल्या पृष्ठभागात असतो. सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर. तो झिजला की किंचित मोठा करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवतात, पण हे काही वेळाच करता येते. आधीच्या मालकांनी ती सवलत वापरून टाकली असेल, तर आत नवी बाही ठोकून मूळ माप परत आणावे लागते. म्हणून इंजिन उघडल्याबरोबर प्रथम मोजमाप, मग खर्चाचा अंदाज. उलट क्रमाने केलेला अंदाज बहुधा दुपटीवर जातो.

आता सर्वांत मोठ्या चुकीविषयी. उत्साहाच्या भरात एकाच रविवारी सारी गाडी सुटी केली जाते. नटबोल्ट डब्यांत, काचा पलंगाखाली, दरवाजे गच्चीवर. सुटी करणारा माणूस तेच पुन्हा जोडणार असतो अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात दोन वर्षांनी दुसराच कारागीर त्या डब्यांपुढे बसलेला असतो. या देशात ज्या जुन्या गाड्या नाहीशा झाल्या, त्यांतील पुष्कळ गंजाने नव्हे तर अशा डब्यांत संपल्या असाव्यात. शहाणा मालक एका वेळी एकच विभाग उघडतो, प्रत्येक भागाचे छायाचित्र घेतो व वहीत टीप करतो. दरवाजे व खांब यांच्यामधील फटी तो काम सुरू होण्यापूर्वीच मोजून ठेवतो. कारण दोन्ही बाजूंच्या कुजलेल्या पट्ट्या आधार न देता एकदम कापल्या, तर गाडीचा मध्यभाग खाली वाकतो आणि नव्या पत्र्याचे वेल्डिंग त्या वाकड्या स्थितीतच कायम होते. त्यानंतर दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. मग ते लागावेत म्हणून दरवाजेच कापले जातात!

सुट्या भागांच्या शोधात मालकाला अर्धा देश पालथा घालावा लागतो. दिल्लीचे काश्मीरी गेट आणि मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट, मुंबईचा चोरबाजार या ठिकाणी केवळ भाग मिळत नाहीत, भागांविषयीचे ज्ञानही मिळते. तेथील एखादा वृद्ध दुकानदार हातातल्या दिव्याच्या कड्याकडे पाहून ती इटलीहून आलेली की येथे बनलेली हे सांगू शकतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नोंदलेले नाही आणि ते जाणणारी माणसे एकेक करून कमी होत आहेत. गाडीपेक्षा हे नुकसान लहान मानण्याचे कारण नाही.

इतके झाल्यावर मूळ प्रश्न समोर उभा राहतो. गाडी कशासारखी करायची? कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी, असे उत्तर चटकन दिले जाते. परंतु तसे करताना बहुतेक मालक ती त्या दिवसाहूनही अधिक झळाळती करतात. आजच्या दुहेरी रंगाची आरशासारखी चकाकी त्या गाडीला कधी नव्हती. नव्याने क्रोम चढवण्यासाठी जुनी नामपट्टिका घासली जाते आणि तिच्यावरील अक्षरांच्या कडा कायमच्या बोथट होतात. मूळ रंग कोणता होता याचा पुरावा डॅशबोर्डच्या मागे व आसनांखाली शिल्लक असतो. तोही खरवडून टाकला जातो. इटलीतील ज्या तुरिन शहरात फियाटचा जन्म झाला, त्याच शहराच्या नावाने ओळखली जाणारी एक सनद जुन्या मोटारींच्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केली. जुने शक्य तितके राखावे, बदललेले भाग ओळखता यावेत आणि केलेल्या कामाची लेखी नोंद असावी, असा तिचा आशय आहे. याच विचाराचे टोकाचे उदाहरण म्हणजे १९२५ सालची एक बुगाटी गाडी. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील माज्जोरे सरोवराच्या तळाशी ती कित्येक दशके पडून होती. २००९ मध्ये ती वर काढली गेली व २०१० साली पॅरिसच्या लिलावात अडीच लाख युरोंहून अधिक किमतीला विकली गेली. ती घेणाऱ्या कॅलिफोर्नियातील संग्रहालयाने तिला हातही न लावता, कुजलेल्या पत्र्यासह, प्रदर्शनात मांडले.

फियाटचा मालक अर्थात असे करणार नाही, व करूही नये; त्याला गाडी चालवायची असते. पण भारतीय गाडीची एक वेगळीच गुंतागुंत आहे. सुटे भाग मिळत नव्हते त्या दशकांत स्थानिक मिस्त्रींनी लेथवर ते घडवले आणि पितळेच्या तुकड्यांतून झडपा कोरल्या. ही दुरुस्ती ‘मूळ’ नाही म्हणून फेकून द्यायची काय? ज्या दुरुस्तीने गाडी तीस वर्षे चालवली तीही गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे; ती सुरक्षित असेल तर तशीच ठेवणे अधिक प्रामाणिक होय. पेट्रोल परवडेना म्हणून मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने बसवली गेली, हाही इतिहासच. मात्र येथे कायदा आड येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसी, शरीर अथवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खाजगी गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे हौसेने बसवलेले नवे इंजिन गाडीला वेगवान करील, पण याच नोंदणीला मुकवूही शकेल.

जोडणी पूर्ण झालेल्या इंजिनाला काही काळ बेताने चालवावे लागते. पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत वेग मर्यादित, चढावर घाई नाही; मग हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा कसायचे आणि तेल बदलायचे. हे पहिले तेल पांढऱ्या थाळीत काढून उन्हात पाहण्याची जुन्या मिस्त्रींची रीत आहे. त्यात धातूची बारीक चकाकी दिसतेच. तिच्यातून चुंबक फिरवल्यावर ती चिकटली, तर ते पिस्टनच्या कड्या व सिलिंडर यांचे एकमेकांशी जुळवून घेताना निघालेले लोखंड असते आणि अल्प प्रमाणात ते अपेक्षितच आहे. न चिकटणारी, चंदेरी चुऱ्यासारखी चकाकी सापडली तर ती बहुधा बेअरिंगची धातू असते. मग गाडी आणखी एक किलोमीटरही न चालवता इंजिन पुन्हा उतरवावे लागते.