पंच नेमण्यापूर्वी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी शाळामास्तर आहे, वकील नव्हे. तरी परदेशी व्यापारातील लवादाविषयी बोलण्यास उभा आहे, त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी. त्याचा लहानसा कारखाना असून माल परदेशी जातो. मध्यंतरी तो एक करारनामा घेऊन माझ्याकडे आला. दर, मुदत, हप्ते सारे त्याने बारकाईने पाहिले होते; शेवटचे कलम मात्र वाचलेच नव्हते. तंटा झाल्यास निवाडा लंडन येथे एकच पंच करील आणि त्याची नेमणूक समोरची कंपनी करील, असे त्यात होते. "सर, हे नेहमीचेच असते," तो म्हणाला.

पंचाची पद्धत आपल्याला नवी नाही. पेशवाईत वादी-प्रतिवादी पंचायतीपुढे जाताना निकाल मान्य करू असे लिहून देत. त्या कागदाचे नाव राजीनामा. 'राजी' अरबी, 'नामा' फारसी आणि लिहिणारा कारकून मराठी! आज आपण राजीनामा नोकरी सोडताना देतो. मूळ अर्थ राजीखुशीचा लेख असा आहे.

आजचा लवादही याच राजीखुशीवर उभा आहे. परक्याच्या कोर्टात जाण्यास कोणीच तयार नसतो, म्हणून दोघांना चालेल असा पंच. १० जून १९५८ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या करारामुळे एका देशातील निवाडा दुसऱ्या देशात अमलात आणता येतो. भारताने त्यास १९६० साली मान्यता दिली. आज १७० हून अधिक देश त्यात सामील आहेत. परंतु अशा निवाड्यावर कोर्टासारखे अपील सहसा नसते. पंच चुकला तर ती चूक पदरी पडते. आणि पंचच फसविला गेला तर?

नायजेरियाची हकीकत ऐका. २०१० साली त्या सरकारने एका परदेशी कंपनीशी नैसर्गिक वायूवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचा करार केला. कारखाना उभा राहिलाच नाही. कंपनीने लंडनच्या लवादाकडून २०१७ साली ६६० कोटी डॉलर आणि वर व्याज असा निवाडा मिळविला. व्याजासह रक्कम ११०० कोटींच्या घरात गेली. अखेर २३ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने तो निवाडा लबाडीने मिळविलेला ठरविला. लाच दिली गेली होती, साक्ष खोटी होती आणि नायजेरियाचे गुप्त वकिली कागद कंपनीच्या हाती होते. पंच अनुभवी होते; पण त्यांच्यापुढे नायजेरियाची बाजू धडपणे मांडलीच गेली नव्हती. सारे काम बंद दाराआड चालले होते. एक मोठे राष्ट्र थोडक्यात वाचले. लहान कारखानदाराने एवढी वर्षे कोठून झगडावे?

म्हणून अलीकडे कायद्याचे लक्ष पंचाच्या निःपक्षपातीपणाकडे वळले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सरकारी करारांत एकाच पक्षाने एकमेव पंच नेमणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविले. इंग्लंडचा सुधारित कायदा १ ऑगस्ट २०२५ पासून अमलात आला. आपल्या तटस्थपणाविषयी शंका येईल अशी गोष्ट असल्यास ती पंचाने आपण होऊन सांगितली पाहिजे, असे बंधन त्यात घातले आहे.

पण माझ्या विद्यार्थ्याचा करार खाजगी आणि लवादाचे ठिकाण लंडन. आपल्याकडचा निकाल तेथे त्याच्या मदतीला आपोआप धावणार नाही. त्याने पत्र लिहिले. कंपनीने लंडन सोडले नाही. मात्र दोघांनी एकेक पंच नेमावा आणि त्या दोघांनी तिसरा निवडावा, हे मान्य केले. मागितले म्हणून मिळाले!

आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. पण ते पाच कोणी निवडले, हे आधी विचारावे. आपल्यातील तरुण आता दूरदूरच्या देशांशी व्यवहार करू लागले आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे, की सही करण्यापूर्वी शेवटचे पान वाचा. राजीनामा डोळे उघडे ठेवून दिला, तरच तो राजीखुशीचा.