आजीची आई कुणाची?

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या खेड्यापाड्यांतून अनोळखी मुलगी दिसली की म्हातारी माणसे पहिला प्रश्न विचारतात, "तू कुणाची गं?" मुलगी बापाचे नाव सांगते, आजोबांचे सांगते, आणि म्हातारीची खात्री पटते. पण तिने पुढे विचारले, "आणि तुझ्या आजीची आई कुणाची?" तर आपल्यापैकी किती जणींना उत्तर देता येईल? मला आले नाही. त्या न आलेल्या उत्तराची हकीगत आज मी तुम्हांला सांगणार आहे.

हा प्रश्न मला विचारला तो एका स्कॉटिश बाईने. माझी भाची नोकरीनिमित्त एडिंबरोला असते. तिच्या शेजारी सत्तरी उलटलेल्या एक बाई राहतात. त्यांना आपल्या पूर्वजांचा शोध घेण्याचा नाद आहे. त्यांचा एक पूर्वज कंपनी सरकारच्या पलटणीतून मुंबई इलाख्यात आला आणि इकडेच वारला. त्याच्याविषयी वाचता वाचता त्यांना डॉक्टर गिब्सन यांचे नाव आढळले, आणि त्यांच्या बागेचा पत्ता होता जुन्नरजवळचे हिवरे! भाची म्हणाली, "जुन्नर तर माझ्या मावशीचे गाव." अशी आमची ओळख झाली.

गिब्सनसाहेबांचे नाव आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना ऐकून ठाऊक असेल. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉटलंडच्या किंकार्डिनशायर परगण्यातले. जन्म 1800 सालचा. शिक्षणाने वैद्य, पण जीव झाडांत. 1838 साली ते पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख झाले आणि त्या बागेची शाखा म्हणून हिवऱ्याला औषधी वनस्पतींची लागवड होऊ लागली. पुढे 1847 पासून त्यांनी मुंबई इलाख्याच्या जंगलांचा कारभार पाहिला. डोंगरावरची झाडे गेली की खालचे पाणी आटते, हे त्यांनी त्या काळी सरकारला बजावून सांगितले. 1867 साली ते वारले. दापोडीच्या बागेतल्या झाडांची त्यांनी काढून घेतलेली चित्रे आजही एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवली आहेत. ती काढणाऱ्या इकडच्या चित्रकाराचे नाव मात्र लिहून ठेवलेले नाही. हे वाक्य लक्षात असू द्या. पुढे त्याचा उपयोग आहे.

मी त्या बाईंना हिवऱ्याविषयी मला ठाऊक होते ते कळवले. त्यांना फार आनंद झाला. मग त्यांनी त्यांच्या शोधाची रीत मला समजावून सांगितली. ती ऐकून मी थक्क झाले. स्कॉटलंडात 1855 सालापासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या दप्तरांत सापडतात. माणूस मेला की त्याच्या नोंदीत बापाचे नाव तर लिहायचेच, पण आईचे नाव आणि तिचे माहेरचे आडनावही लिहायचे. लग्न झालेली बाई तिकडच्या जुन्या कागदांत आणि थडग्यांवरही बहुधा माहेरच्या आडनावाने ओळखली जाते, आणि पुढे अमक्याची बायको असे येते. त्यामुळे वंशाच्या झाडावर चढताना बापाच्या फांदीने जाता येते तसे आईच्या फांदीनेही जाता येते. आणखी एक गंमत. त्यांच्यातही पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे आणि पहिल्या मुलीला आईच्या आईचे नाव ठेवण्याची जुनी चाल होती. म्हणजे नावावरून आजीचा माग लागतो!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या बाई हा शोध एकट्या करीत नाहीत. तिकडे परगण्यापरगण्यांत अशा शोधकांची मंडळे आहेत. एक जण आपल्या गावच्या कबरस्तानातील शिळा वाचून लिहून काढतो आणि ते दुसऱ्याच्या उपयोगी पडते. हिंदुस्थानात राहून गेलेल्या घराण्यांच्या शोधासाठी तर 1998 साली इंग्लंडात एक वेगळी संस्थाच निघाली. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. या बाईंच्या पूर्वजाच्या दफनाची नोंद तिथून कुणीतरी उतरवून पाठवली. ज्याने पाठवली त्याला त्यांनी अजून पाहिलेलेही नाही. त्याच्या बदल्यात त्या एडिंबरोच्या दप्तरखान्यात बसून दुसऱ्या कुणासाठी नोंदी शोधतात. आपल्याकडे लग्नघरी पापड लाटायला सगळ्या आळीच्या बायका जमतात, तसेच हे.

हे सगळे सांगून झाल्यावर त्यांनी सहज विचारले, "तुमच्या आजीच्या आईचे माहेर कुठले?" मी गप्प झाले. माझ्या आईची आई ओतूरची लेक, एवढे मला ठाऊक. तिच्या आईचे सासरचे नाव ऐकलेले. त्यापलीकडे काही नाही.

भगिनींनो, मला लाज वाटली ती याची, की आपण कुठे राहतो? ज्या शिवनेरीवर 1630 साली शिवराय जन्मले, त्या किल्ल्याच्या पायथ्याशी. जिजाऊ कुणाची, हे आपल्या शाळेतले पोरही सांगेल: सिंदखेडच्या लखुजी जाधवांची. त्याहून मागे चला. आपल्या नाणेघाटाच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. तिथे त्या घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, आणि त्यांच्या माथ्यावर कोरलेली नावे अजून वाचता येतात. त्यांत राणीचे नाव राजाच्या बरोबरीने आहे. त्याच घराण्यातले पुढचे राजे आईच्या नावाने ओळखले गेले: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. आपल्या तालुक्यातली सर्वांत जुनी वंशावळ दगडावर आहे आणि तिच्यात बाईचे नाव आहे. आणि माझ्या घरच्या वंशावळीत बापाकडची सात नावे आहेत, बाईचे एकही नाही!

मी शोधाला लागले. प्रथम वाटले, त्र्यंबकेश्वरी जावे. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावोगावच्या घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. पण त्या वह्या गाव आणि आडनाव यांवरून उघडायच्या. मला तर तेच हवे होते. कुलपाची किल्ली पेटीत राहिली, तशी गत झाली. दुसरी वाट सरकारी दप्तराची. 2023 सालापासून कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्ताने आपल्या तालुक्यातही घरोघरी जुने कागद बाहेर आले. जन्ममृत्यूची गावची रजिस्टरे, शाळांचे दाखले, मोडीतले खरेदीखत हे सगळे लोक पाहू लागले. पण त्या शोधाची वाटही बापाच्या बाजूनेच वर जाते. माझी पणजी त्या वाटेवर उभी नव्हती.

मग मी हा प्रश्न आपल्या मंडळात, हळदीकुंकवाच्या दिवशी, तुमच्यापुढे टाकला. आणि जे दप्तरांनी केले नाही ते तुम्ही केले. ओतूरचे माहेर असलेल्या आपल्या एका सभासद भगिनीने सांगितले, की आजीच्या माहेरचे घर पडले तेव्हा तिथले एक बोचके तिच्या वडिलांनी माळ्यावर ठेवले होते. श्रावणात कपर्दिकेश्वराच्या यात्रेला ती गेली आणि येताना ते घेऊन आली. त्यात माझ्या आजीच्या लग्नातली आहेराची यादी निघाली! यादी मोडीत. ती वाचून दाखवली मोडी शिकलेल्या आपल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. "मामाचा आहेर" या शब्दांपुढे एक लुगडे, एक खण, मामाचे नाव, आडनाव आणि गाव. आजीचा मामा म्हणजे पणजीचा सख्खा भाऊ. म्हणजे तेच पणजीचे माहेर!

पण ते गाव आज नाही. आंबेगाव तालुक्यातले जुने आंबेगाव आणि त्याच्या आसपासची वस्ती डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेली, त्यांतलेच ते. माणसे कुठे कुठे पांगली. इथेही आपलीच एक भगिनी धावून आली. तिच्या आईकडची माणसे त्याच धरणात उठलेली. तिने चार ठिकाणी विचारून त्या आडनावाचे एक घर घोडेगावकडे शोधून काढले आणि मला तिथे घेऊन गेली.

तिथे एक वृद्ध बाई भेटल्या. माझ्या पणजीच्या भावाची ती नात. मी यादीतला मजकूर वाचून दाखवला. त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही ओतूरच्या आत्याच्या!" मग त्यांनी सांगितले, की त्यांच्या घरात गौरी आल्या म्हणजे एक खण वेगळा काढतात, ओतूरच्या आत्यासाठी. आत्याने पाहिलेले गाव बुडाले, घर बदलले, तरी खण निघतोच. मी विचारले, "आत्याचे नाव काय?" त्यांना ते ठाऊक नव्हते. त्यांच्या आईनेही कधी सांगितले नव्हते. घरात सगळेच ओतूरची आत्या म्हणत.

आता गाव आणि आडनाव हाती आले म्हणून मी पुन्हा त्र्यंबकेश्वरी गेले. वही उघडली. पणजीच्या वडिलांनी यात्रा केली त्या दिवसाची नोंद सापडली. भाऊ, मुलगे, आई, सगळी नावे होती. त्या पानावर मुलींची नावे नव्हती.

म्हणून पणजीला तिच्या आईबापांनी कोणते नाव ठेवले होते, ते मला अजून मिळालेले नाही. सासरी बदललेले नाव तेवढे आहे. दापोडीच्या त्या चित्रकारासारखे तिचे झाले. काम राहिले, खण राहिला, नाव गेले.

भगिनींनो, आपल्या माणसांनी बायकांना अगदीच विसरून टाकले असे मी म्हणणार नाही. श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावे घेतात. जात्यावरच्या ओव्यांत तर माहेरचे गाव, भाऊ आणि आई भरून राहिलेली असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. पण लेकीची लेक, तिची लेक, ही ओळ कागदावर कुणी उतरवली नाही, कारण दर पिढीला तिचे आडनाव आणि पुष्कळदा नावही बदलत गेले. आता 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्र सरकारने केला आहे. चांगले झाले. पुढच्यांची सोय झाली. पण मागच्यांची सोय कोण करणार? ती आपणच केली पाहिजे.

माझी मंडळाला विनंती आहे, की एक जाड वही घालावी आणि तिला एकच नियम असावा: तिच्यात बायकांची ओळ लिहायची. प्रत्येकीने आपले माहेरचे नाव, आडनाव व गाव लिहावे. मग आईचे, मग आईच्या आईचे, जिथवर आठवेल तिथवर. कुणी सांगितले तेही शेजारी लिहावे, कारण ऐकीव गोष्ट आणि कागदावरची गोष्ट यांत फरक असतो. दोघींनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत, एक खोडू नये. एखादीला आपल्या घरची गोष्ट लिहायची नसेल तर तिला आग्रह करू नये. घरातल्या जुन्या आहेराच्या याद्या, पत्रिका आणि मोडीतले कागद रद्दीत घालण्याआधी मंडळात दाखवावेत. आणि घरात नव्वदीची म्हातारी असेल तर ही दिवाळी उजाडण्याची वाट पाहू नये. आजच तिच्याजवळ बसावे.

कदाचित तुमच्याच एखादीच्या ट्रंकेत माझ्या पणजीचे नाव असेल, आणि माझ्या बोचक्यात तुमच्या पणजीचे.

येत्या भाद्रपदात घोडेगावच्या त्या घरी मला गौरीला बोलावले आहे. मी जाणार आहे. तो वेगळा काढलेला खण यंदा त्या माझ्या ओटीत घालणार आहेत. खण घेताना तिचे नाव घेता आले असते तर फार बरे वाटले असते. ते तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल, तर भाद्रपदाच्या आत मला सांगा.