परदेशातील मुदत संपते तेव्हा



परदेशी जावे, जग पाहावे, चार पैसे गाठीला बांधावेत आणि अनुभवाची शिदोरी घेऊन घरी परतावे, ही आकांक्षा तरुण मनाला शोभणारीच आहे. महाराष्ट्राला ती नवीनही नाही. कोकण आणि गोव्यातील खलाशांनी साऱ्या जगातील बंदरे पाहिली. रत्नागिरी जिल्ह्यातील कारागीर आखाती देशांत गेले. पुण्या-मुंबईचे संगणक अभियंते अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचले. या सर्वांनी पाठविलेल्या पैशांतून गावोगावी घरे उभी राहिली, भावंडांची शिक्षणे झाली. परदेशगमनाचा हा उजळ भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. आजच्या विवेचनाचा विषय मात्र त्याच नाण्याची दुसरी बाजू हा आहे. दिलेली मुदत संपल्यानंतरही जो परक्या देशात राहतो आणि काम करीत राहतो, त्याचे पुढे काय होते?

एक नवे दार

हा प्रश्न आज विचारण्यास एक निमित्त आहे. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला. त्या करारातील वचनानुसार १६ सप्टेंबर २०२४ पासून भारतीय तरुणांना ऑस्ट्रेलियाचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा खुला झाला. भारतासाठी वर्षाला १,००० जागा ठरविण्यात आल्या. इच्छुकांची संख्या त्याहून कितीतरी अधिक असणार हे उघडच असल्याने निवड सोडतीने करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

या प्रकारचा व्हिसा ऑस्ट्रेलियात जुना आहे. १९७५ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा या देशांतील तरुणांसाठी ही योजना सुरू झाली. कालांतराने इतर अनेक देशांचा तीत समावेश झाला. योजनेची कल्पना साधी आहे. १८ ते ३० वर्षे वयाच्या तरुण-तरुणींनी वर्षभर देश पाहावा आणि खर्चाला हातभार म्हणून मधूनमधून काम करावे. भारतीय उमेदवाराने शालेय शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण घेतलेले असावे, त्याला व्यवहारापुरते इंग्रजी यावे आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर त्याच्यापाशी असावेत, अशी अपेक्षा आहे. एका मालकाकडे सर्वसाधारणपणे सहा महिन्यांहून अधिक काळ काम करता येत नाही. म्हणजेच हा व्हिसा नोकरीचा नव्हे, स्थायिक होण्याचा तर नव्हेच. तो प्रवासाचा व्हिसा आहे आणि काम ही त्यातील सवलत आहे. हा भेद ज्याला उमगला, त्याची निम्मी संकटे टळली असे समजावे.

मुदत मोजावी कशी?

पहिल्या व्हिसाची मुदत ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवल्याच्या दिवसापासून बारा महिने असते. काम मिळाल्याच्या दिवसापासून ती मोजली जात नाही. आजारपणात गेलेले किंवा कामाविना काढलेले दिवस त्यातून वजा होत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाची ‘व्हिवो’ नावाची संगणकीय सेवा आहे. तिच्यावर कोणालाही आपल्या व्हिसाची अखेरची तारीख आणि अटी विनामूल्य पाहता येतात. तेथील मालकही कामगाराचा काम करण्याचा हक्क याच सेवेवरून पडताळून पाहतात.

अधिक काळ राहण्याचा सरळ मार्गही योजनेतच आहे. ग्रामीण वा दुर्गम भागात, ठरवून दिलेल्या प्रकारचे काम तीन महिने केल्यास दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. दुसऱ्या वर्षात असे काम सहा महिने केल्यास तिसऱ्या व्हिसासाठी अर्ज करण्याची सोय १ जुलै २०१९ पासून झाली. मात्र कोणते काम आणि कोणता भाग पात्र ठरतो, हे काम स्वीकारण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. वेतनपत्रके जपून ठेवली पाहिजेत. पुरावा नसेल तर घाम गाळलेले दिवस हिशेबात धरले जात नाहीत.

मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या व्हिसासाठी रीतसर अर्ज केल्यास सर्वसाधारणपणे ‘ब्रिजिंग व्हिसा’ मिळतो. नावाप्रमाणेच तो पूल होय. जुना व्हिसा संपल्यापासून नव्या अर्जाचा निर्णय लागेपर्यंत तो अर्जदाराला कायद्याच्या कक्षेत ठेवतो. तथापि या पुलालाही अटी असतात. त्यात काम करण्याची परवानगी आहे की नाही हे वाचून घ्यावे लागते. ‘अ’ प्रकारच्या ब्रिजिंग व्हिसावर असताना देश सोडला तर परत येता येत नाही. त्यासाठी ‘ब’ प्रकारचा व्हिसा आधी मिळवावा लागतो. घरच्या लग्नासाठी आठ दिवस म्हणून आलेल्याला परतीचा मार्ग बंद झालेला आढळू शकतो, तो याच कारणाने.

रेषा ओलांडल्यानंतर

असा कोणताही व्हिसा हाती नसताना मुदत संपली, की दुसऱ्या दिवसापासून ती व्यक्ती १९५८ च्या ऑस्ट्रेलियन स्थलांतर कायद्यानुसार बेकायदा परदेशी ठरते. तिला स्थानबद्ध करण्याची आणि देशाबाहेर पाठविण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. अशी पाठवणी झाल्यास तिचा खर्च त्या व्यक्तीच्या नावे कर्ज म्हणून लागतो.

या संदर्भात २८ हा आकडा प्रत्येकाने स्मरणात ठेवावा. मुदत संपून २८ दिवसांहून अधिक काळ झाल्यानंतर जो व्हिसाविना देश सोडतो, त्याला पुढील तीन वर्षे बहुतेक तात्पुरत्या व्हिसांसाठी अडथळा येतो. त्याआधी निघणाऱ्याला ही तीन वर्षांची बंदी लागत नाही. देशात राहून दुसऱ्या काही व्हिसांसाठी अर्ज करण्याची संधीही याच अवधीशी जोडलेली आहे. म्हणजे सत्ताविसाव्या दिवशी जो मार्ग उघडा असतो, तो तिसाव्या दिवशी बंद झालेला असतो. ‘आणखी एक महिना पाहू’ हा विचार म्हणूनच सर्वांत महाग पडतो.

अशा रीतीने राहणाऱ्यांची संख्या थोडी नाही. २०१७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात व्हिसा संपूनही राहिलेल्यांची संख्या ६०,००० हून अधिक असल्याचा तेथील शासनाचा अंदाज होता. हे सारे गुन्हेगारी वृत्तीचे लोक असतात असे समजणे चूक ठरेल. कोणी तारखेचा हिशेब चुकलेला असतो. कोणाला मालकाने ‘कागद करून देतो’ असे सांगून थांबविलेले असते. कोणी कर्ज काढून गेलेला असतो आणि ते फिटल्याविना गावात तोंड कसे दाखवावे, या लाजेने अडकलेला असतो. कायदा कारणे फारशी पाहत नाही. कुटुंबाने मात्र ती पाहिली पाहिजेत.

नव्या देशातील मुकादम

क्वीन्सलंडमधील बंडाबर्ग, व्हिक्टोरियातील मिल्डुरा आणि शेपर्टन हे फळबागांचे व भाजीपाल्याचे प्रदेश आहेत. हंगामात तेथे तोडणीसाठी हजारो हातांची गरज लागते. अनेक ठिकाणी शेतकरी आणि मजूर यांच्यामध्ये ठेकेदार असतो. ऊसतोडणीचे अर्थकारण जाणणाऱ्या महाराष्ट्राला हा मनुष्य ओळखीचा वाटेल. आपल्याकडे त्याला मुकादम म्हणतात. मजुराला राहण्याची जागा त्याचीच, शेतापर्यंतचे वाहन त्याचेच आणि मजुरीतून दोहोंची कपात करणाराही तोच. आपल्याकडे मजुराला बांधून ठेवते ती उचल. तेथे त्याला बांधून ठेवते ती संपलेल्या मुदतीची भीती.

अशा स्थितीतील एखाद्या तरुणाची कल्पना करावी. मजुरी रोख मिळते आणि ती ठरल्यापेक्षा कमी असते. तक्रार करावी तर ‘विभागाला कळवीन’ ही धमकी तयार असते. भारताचा ऑस्ट्रेलियाशी परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही. त्यामुळे विमा संपलेला असेल तर साध्या अपघाताचा खर्चही आवाक्याबाहेर जातो. घरी वडील आजारी पडल्याचा निरोप येतो. जावे तर तीन वर्षे परत येता येणार नाही, न जावे तर त्यांचे शेवटचे दर्शन होईल की नाही याची शाश्वती नाही. अधिक मिळविण्यासाठी मागे राहिलेला हा तरुण कायदेशीर मजुराहून कमी मिळवितो आणि पाठविलेल्या प्रत्येक रुपयामागे आपले स्वातंत्र्य खर्च करतो. हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने फायद्याचा नाही.

मजुरीचा हक्क संपत नाही

तथापि मुदत संपली म्हणून केलेल्या कामाच्या मजुरीवरील हक्क संपत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. व्हिसाची स्थिती कोणतीही असली, तरी कामगाराला २००९ च्या ‘फेअर वर्क’ कायद्याचे संरक्षण आहे, हे ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०२३ मधील दुरुस्तीने स्पष्ट केले. १ जुलै २०२५ पासून तेथील राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर ठरविण्यात आले. फळतोडणीसारख्या नगावर मजुरी देण्याच्या कामातही तासाचे किमान वेतन मिळालेच पाहिजे, असा नियम २८ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. व्हिसाच्या स्थितीचा धाक दाखवून कामगाराला राबविणे हा १ जुलै २०२४ पासून मालकाचा गुन्हा ठरला आहे. वेतनासंबंधीच्या तक्रारी ‘फेअर वर्क ओम्बड्समन’ या शासकीय कार्यालयाकडे करता येतात. क्वीन्सलंड आणि व्हिक्टोरिया या राज्यांत मजूर पुरविणाऱ्या ठेकेदाराला परवाना असणे बंधनकारक आहे. परवानाधारकांची यादी सर्वांना पाहता येते.

आडवाटांपासून सावध

मुदत संपत आलेल्या माणसाभोवती सल्लागारांची गर्दी होते. ‘आश्रयासाठी अर्ज करा, निर्णय लागायला वर्षे लागतात, तोवर काम करा’ हा त्यांतील नेहमीचा सल्ला होय. स्वदेशी ज्याच्या जिवाला खरा धोका आहे, त्याच्यासाठी ती तरतूद आहे. खोटी कथा रचून तिचा वापर करणाऱ्याचा अर्ज फेटाळला जातो आणि ती नोंद पुढील प्रत्येक अर्जाच्या वेळी समोर येते. अशा अर्जांचे निर्णय लवकर लागावेत म्हणून ऑस्ट्रेलियाच्या शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये खास उपाययोजनाही जाहीर केली. बनावट कागदपत्रे सादर केल्यास तीन वर्षे, तर ओळखच खोटी सांगितल्यास दहा वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात व्हिसाविषयक सल्ला देणारा दलाल तेथील शासनाकडे नोंदलेला असावा लागतो, किंवा सल्लागार वकील असावा लागतो. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

परतीची वाट

जो या चक्रात आधीच सापडला आहे, त्याने काय करावे? त्याने स्वतःहून गृह विभागाशी संपर्क साधावा, हे उत्तम. परतीची तयारी करीत असलेल्याला अल्प मुदतीचा ‘ई’ प्रकारचा ब्रिजिंग व्हिसा मिळू शकतो. त्यामुळे स्थानबद्धता टळून सन्मानाने निघता येते. स्थितीची उकल करण्यासाठी त्या विभागाची स्वतंत्र सेवाही आहे. पारपत्र हरवले असल्यास भारतीय वकिलातीकडून परतीपुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. कॅनबेरा येथे भारताचे उच्चायुक्तालय आहे, तर सिडनी, मेलबर्न, पर्थ आणि ब्रिस्बेन येथे वाणिज्य दूतावास आहेत. संकटग्रस्त भारतीयांच्या साहाय्यासाठी २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन झाला. ‘मदद’ या संगणकीय व्यासपीठावर घरची मंडळीही गावातून तक्रार नोंदवू शकतात. सिडनी व मेलबर्न येथील मराठी मंडळी गणेशोत्सवापुरतीच एकत्र येत नाहीत. अडचणीतल्या माणसाला ती योग्य कार्यालयाचा पत्ता सांगू शकतात.

जे जाण्याच्या तयारीत आहेत, त्यांनी काही साधी पथ्ये पाळावीत. व्हिसाची अखेरची तारीख स्वतःजवळ आणि घरीही लिहून ठेवावी. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवून त्यांना हात लावू नये. पारपत्र कोणाच्याही ताब्यात देऊ नये. प्रत्येक आठवड्याचे वेतनपत्रक मागून घ्यावे. मुदत संपण्यापूर्वी तीन महिने पुढचा विचार सुरू करावा. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणी सक्तीची केली. मुंबईत उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालयही आहे. सोडतीत क्रमांक लावून देतो असे सांगणारा दलाल तर उघड फसवीत असतो, कारण सोडत कोणाच्या शब्दावर चालत नाही.

शेवटी एक विनंती घरच्या वडीलधाऱ्यांना. मुलगा किंवा मुलगी वर्षाने रिकाम्या हाताने परतली, तर तिला अपयशी समजू नये. अनेक जण कायद्याची रेषा ओलांडतात ते लोभाने नव्हे, तर घरच्या अपेक्षांच्या ओझ्याने. ‘पैसे राहू देत, तू वेळेवर ये’ एवढे एक वाक्य दूरध्वनीवर ऐकायला मिळाले, तर कित्येकांची पावले त्या रेषेच्या अलीकडेच थांबतील. वेळेवर परतलेल्याला पुन्हा जाण्याचा मार्ग मोकळा राहतो.