बक्षीसपत्राचे घर विकत घेताना



नवापूर-बोईसर-पालघर या पट्ट्यात कारखान्यात राबणारा माणूस फंडाची रक्कम आणि बँकेचे कर्ज एकत्र करून घर घेतो. विकणारा म्हणतो, "वडिलांनी मला बक्षीस दिले आहे," आणि कागद दाखवतो. आपण तेवढ्यावर समाधान मानतो. वास्तविक खरी चौकशी तेथूनच सुरू व्हावयास हवी. खरेदीत पैसे मोजणारा चार प्रश्न विचारतो. बक्षिसात पैसा नसतो, म्हणून घरातल्या घरात कोणी काही विचारत नाही. ते राहिलेले प्रश्न आपणास विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : बक्षीस पुरे झाले आहे काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घराचे बक्षीसपत्र नोंदणीकृत असावे लागते, त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारलेले असावे लागते. नुसते नोटरी केलेले बक्षीसपत्र चालत नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी किंवा सात-बारावरील नाव म्हणजे मालकी नव्हे. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित नक्कल आणि सूची क्रमांक दोनचा उतारा घ्या.

दुसरा प्रश्न : देणाऱ्याला ते देण्याचा अधिकार होता काय? वडिलोपार्जित एकत्र मिळकत एकट्याला बक्षीस देता येत नाही. २००५ पासून अशा मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे आणि हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणून बहिणींची नावे विचारा.

आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट पाहावी. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली आणि जमिनी नवीन शर्तीवर परत मिळाल्या. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल, तर बक्षीस देताना परवानगी लागत होती काय आणि ती घेतली काय, हे तहसील कार्यालयात तपासा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे विनापरवानगी गेली असेल, तर तो व्यवहार बक्षिसाचा असला तरी धोक्याचा आहे.

तिसरा प्रश्न : बक्षीस परत जाऊ शकते काय? दस्त शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'हयातीपर्यंत मी येथेच राहीन' किंवा 'मुलाने माझा सांभाळ करावा' अशी अट असू शकते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळाच्या अटीवर दिलेले घर, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. अशी अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. २०२५ च्या जानेवारीत मात्र हा कायदा वृद्धांच्या हिताच्या दृष्टीने वाचावा, असे सांगून एका आईचे बक्षीसपत्र रद्द ठरविले.

म्हणून देणारे आई-वडील हयात असतील तर त्यांना प्रत्यक्ष भेटा. मुलगा बाजूला नसताना विचारा, "हे घर विकले जात आहे, तुम्हाला ठाऊक आहे ना? तुम्ही पुढे राहणार कोठे?" त्यांची खरोखर संमती असेल तर खरेदीखतात मान्यता देणार म्हणून त्यांची सही घ्या. संमती नसेल तर घर कितीही स्वस्त असो, व्यवहार सोडा. म्हाताऱ्या आईचे छप्पर काढून घेतलेल्या घरात आपला संसार सुखाने होणार नाही.

चौथा प्रश्न : घरावर बोजा आहे काय? मालक बदलला म्हणून गहाण सुटत नाही. मूळ दस्त कोणाकडे आहेत, ते पाहा. ते बँकेत असतील तर कर्जफेडीचा दाखला मागा. सदनिका असेल तर भाग दाखला कोणाच्या नावे आहे, हे सोसायटीत विचारा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि त्यानंतरच विसार द्या.

विद्यार्थी मित्रहो, शेवटची विनंती तुम्हाला आहे. घरातील वडीलधाऱ्यांपुढे कोणी सहीसाठी कागद ठेवला, तर तो आधी त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. बक्षीस देताना हे झाले, तर पुढे विकत घेणाऱ्यावर कोर्टाची पायरी चढण्याची वेळ सहसा येणार नाही.