सर्व्हरची ऊब आणि नगरपालिकेचे नळ

सर्व्हरला दिलेली वीज शेवटी जाते कुठे? जवळजवळ सगळी उष्णतेत. आपण फोटो साठवतो, पैसे पाठवतो, सिनेमा पाहतो. त्या प्रत्येक वेळी कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये हवा तापते. मग ती हवा बाहेर घालवण्यासाठी पुन्हा वीज जाळायची, असा जगभरचा रिवाज आहे.

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहराने हा रिवाज मोडला. परीकथाकार अँडरसन यांचे हे जन्मगाव. इथे फेसबुकचे डेटा सेंटर २०१९ मध्ये सुरू झाले. सर्व्हरवरून येणारी गरम हवा पाण्याच्या नळ्यांवरून खेळवतात. पाणी तापते, पण कोमटच. त्याने डेन्मार्कच्या थंडीत घर उबदार होत नाही. म्हणून हीट पंप लागतो. आपला फ्रिज ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर हा पंप कोमट पाण्यातली उष्णता उचलून जास्त तापमानाच्या पाण्यात सोडतो. पंपालाही वीज लागते, मात्र तिच्या कितीतरी पट उष्णता हाती येते. सुमारे ६,९०० घरांना पुरेल एवढी ऊब वर्षाला मिळावी, असा मूळ आराखडा होता.

बातम्यांत याचे श्रेय कंपनीला मिळते. मला ते अपुरे वाटते. खरे श्रेय रस्त्याखालच्या नळांना द्यायला हवे. १९७३च्या तेलसंकटात डेन्मार्क पुरता अडचणीत आला, कारण बहुतेक सारी ऊर्जा आयात तेलातून येत होती. १९७९ मध्ये त्यांनी उष्णतापुरवठ्याचा कायदा केला आणि कुठल्या भागात ऊब कशी पोचवायची याचे नियोजन नगरपालिकांकडे सोपवले. आज तिथली सुमारे दोन तृतीयांश घरे गरम पाण्याच्या सामाईक जाळ्यावर आहेत. या जाळ्यातले पुरवठादार नफ्यासाठी काम करत नाहीत. जाळे आधीपासून होते, म्हणून सर्व्हरची उष्णता त्यात सोडता आली. नळच नसते तर ती हवेतच गेली असती.

जर्मनीने २०२३ मध्ये कायद्याची वाट धरली: जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या मोठ्या डेटा सेंटरांनी १० टक्के आणि त्याहून उशिरा सुरू होणाऱ्यांनी पुढे २० टक्के ऊर्जेचा पुनर्वापर करायचा.

आता नवी मुंबईतल्या ऐरोली, महापेकडे पाहा. तिथे डेटा सेंटर उभी राहत आहेत. आपल्याला घरे तापवायची नाहीत, हे खरेच. पण रुग्णालयांना, धुलाई केंद्रांना, वसतिगृहांना गरम पाणी बारमाही लागते. ते शेजारी असतील तरच हिशेब जमेल, कारण उष्णता लांब नेणे महागात पडते. म्हणून उष्णतेचे काय करणार, हा प्रश्न भूखंड देतानाच विचारायला हवा. इमारत उभी राहिल्यावर उशीर झालेला असतो. तुमच्यापैकी जे नगरनियोजनात काम करतात, त्यांनी पुढच्या प्रस्तावावर तो जरूर विचारावा, ही माझी विनंती आहे.