भिजलेला मोबाईल : घाई नको, विवेक हवा



आपल्या मराठवाड्याचे आणि पाण्याचे नाते विलक्षण आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच मराठवाड्यात ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. लेंडी धरण परिसरातील हसनाळ, रावणगाव यांसारखी गावे पाण्याने वेढली गेली, माणसे दगावली आणि बचावकार्यासाठी लष्करास पाचारण करावे लागले.

अशा प्रसंगी प्राणरक्षण हेच पहिले कर्तव्य. मोबाईलसाठी कोणीही पुन्हा पाण्यात शिरू नये. परंतु सुरक्षित स्थळी पोहोचल्यानंतर हेच छोटे यंत्र मोठा आधार ठरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा देशात मोबाईल सेवा नव्हती. ती ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली. आज मात्र नातलगांची खुशाली, ११२ क्रमांकाची मदत, बँकेचे संदेश आणि पिकाच्या नुकसानीची छायाचित्रे हे सारे त्यातच साठलेले असते. म्हणूनच तो भिजल्यावर काय करावे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

मोबाईल बिघडतो तो केवळ पाण्यामुळे नव्हे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. परंतु पुराच्या पाण्यात क्षार, गाळ व सांडपाणी मिसळलेले असते. बॅटरीचा प्रवाह चालू असताना असे पाणी आत शिरले की तांब्याच्या बारीक वाटा गंजू लागतात. यास्तव पहिला नियम एकच : मोबाईल तत्काळ बंद करावा. चालतो की नाही, हे पाहण्यासाठी बटणे दाबू नयेत आणि चार्जर तर मुळीच लावू नये.

त्यानंतर कव्हर, सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. मागचे झाकण उघडणारे असल्यास बॅटरीही काढावी. कोरड्या सुती कापडाने पुसून चार्जिंगचे छिद्र खाली येईल असा धरावा व तळहातावर हलकेच आपटून पाणी निथळू द्यावे. जोराने झटकल्यास पाणी अधिकच आत जाते. नंतर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात किमान एक-दोन दिवस ठेवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. उष्णतेने बॅटरीला धोका पोहोचतो.

तांदळाच्या डब्यात मोबाईल ठेवण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. तो टाळावा. तांदूळ आतील पाणी विशेष शोषत नाही, उलट त्याचे बारीक कण छिद्रांत अडकतात. ॲपल कंपनीनेही तांदूळ वापरू नये, असे सांगितले आहे.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वरून सुकलेला मोबाईल आतून सुकलेला असतोच असे नाही. गढूळ पाणी गेले असल्यास तो चालू न करता शक्य तितक्या लवकर जाणत्या कारागिराकडे न्यावा. कारागीर तो उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतात व त्यामुळे गंज रोखता येतो. बॅटरी फुगलेली किंवा गरम असेल, तर ती टोचू नये, दाबू नये. माणसांपासून व जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी.

मोबाईल वाचलाच नाही, तरी सिम बहुधा वाचते. ते कोरडे करून दुसऱ्या मोबाईलमध्ये घालावे, म्हणजे आपला क्रमांक चालू राहतो व बँकेचे ओटीपी येत राहतात. मोबाईल वाहून गेला असल्यास पोलिसांत नोंद करून संचार साथी या शासकीय सेवेद्वारे तो बंद करवून घ्यावा. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. *#०६# दाबून तो आजच पाहावा व वहीत लिहून ठेवावा.

‘पाणी लागत नाही’ अशा जाहिरातीवर विसंबू नये. आयपी ६७ ही खूण एक मीटर पाण्यात अर्धा तास, तीही स्वच्छ पाण्याची व नव्या यंत्राची चाचणी दर्शविते. पुराच्या लोंढ्याची नव्हे.

मृगाच्या सरींपूर्वी आपण बियाणे कोरड्या जागी हलवितो. तसेच घराघरांत एक जाड, बंद होणारी प्लास्टिकची पिशवी ठेवावी आणि महत्त्वाचे दहा क्रमांक वहीत लिहावेत. दोन रुपयांची ही तयारी संकटाच्या रात्री अनमोल ठरेल.