दहा चिंचोके

(सहायक-मित्रांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



तुमच्या देणग्यांतून आमच्या मुलांची औषधे, दवाखान्याचे गाडीभाडे आणि रक्ततपासणी होते. आज मी मात्र सुई न लागणाऱ्या एका तपासणीविषयी बोलणार आहे. सिकलसेल झालेले मूल स्वतःच्या आजाराला किती मोठे संकट समजते, हे त्यातून कळते.

सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, छाती, पोट असह्य दुखू लागते. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आपल्या आदिवासी भागात तो आढळतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन, असे तिचे ध्येय आहे. तपासणीचा कागद घरी येतो. पण तो कागद पाहून बारा वर्षांच्या पोराच्या मनात काय आले, हे त्यावर छापलेले नसते.

मनातले हे मोजण्यासाठी एलिझाबेथ ब्रॉडबेंट, कीथ पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात आठ प्रश्नांना ० ते १० गुण द्यायचे असतात. आजाराचा जगण्यावर किती परिणाम होतो? तो किती काळ राहील? तुझ्या हातात किती आहे? औषधाचा किती उपयोग होईल? त्रास किती जाणवतो? काळजी किती वाटते? आजार समजला किती? मनाला किती लागतो? यांतल्या तीन प्रश्नांचे गुण उलटे धरून, म्हणजे १० मधून वजा करून, बेरीज करतात. ती ० ते ८० मध्ये येते. बेरीज जितकी मोठी, तितका तो आजार माणसाला धोक्याचा वाटतो. नववा प्रश्न गुणांचा नाही. आजार कशामुळे झाला असे वाटते, ती कारणे रुग्णाने आपल्या शब्दांत सांगायची.

ही प्रश्नावली मुळात मोठ्या माणसांसाठी झाली. आमच्या पाड्यावरच्या मुलांना "शून्य ते दहा" सांगून उमजत नाही. म्हणून आम्ही पुढ्यात दहा चिंचोके ठेवतो आणि त्यांच्याच बोलीत विचारतो, "जेवढं वाटतं तेवढे सरकव." या आकड्यांची तुलना आम्ही मोठ्या रुग्णालयांतल्या आकड्यांशी करत नाही. मुलाशी बोलणे कुठून सुरू करायचे, एवढे ते सांगतात.

मंडळी, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. भीती कमी आली म्हणजे सगळे ठीक, असे नसते. एका मुलाची बेरीज अगदी लहान आली. घरच्यांना बरे वाटले. पण "किती काळ राहील?" या प्रश्नाला त्याने एकच चिंचोका सरकवला होता. दुखणे थांबले की आजार गेला, असा त्याचा समज. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिले असेल, तर ते बरे वाटत असतानाही रोज घ्यावे लागते. आजार गेलाच आहे असे मानणारा मुलगा ती गोळी कशाला घेईल?

उलट, एका मुलीची बेरीज मोठी होती. तिला आजार चांगला समजला होता, गोळीवरही भरवसा होता. "तुझ्या हातात किती?" या प्रश्नाला मात्र तिने एकही चिंचोका हलवला नाही. तिला धीराच्या चार शब्दांपेक्षा काम हवे होते. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवायची, थंडीत अंग उबदार ठेवायचे, दमेपर्यंत धावायचे नाही, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे तिच्या हातात आहे, ते आम्ही तिला एकेक करून दाखवले. म्हणून नुसती बेरीज पाहू नये. प्रत्येक उत्तर वेगळे ऐकावे.

आता नववा प्रश्न. त्याची उत्तरे ऐकताना मान खाली जाते. "कुणाची तरी नजर लागली." "डाकिणीनं केलं." "आईमुळं." आणि आपल्या ख्रिस्ती घरांतून, "देवानं शिक्षा दिली."

आईमुळे म्हणणाऱ्यांना सांगायला हवे की हा आजार आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के असते. त्यात कुणा एकाचा दोष नाही, आणि शेजारच्या म्हातारीचा तर मुळीच नाही. शिक्षा म्हणणाऱ्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडावा. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी हेच विचारले होते, पाप कुणाचे? प्रभूने ना त्याचे पाप धरले, ना आईबापांचे. तरीही प्रार्थनेला आलेल्या आजारी मुलासमोर "विश्वास कमी पडला" असे आपण सहज बोलून जातो. मग नवव्या प्रश्नाचे उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालतो.

तुमच्याकडे माझे तीन मागणे आहेत. एक, भिली आणि पावरी बोलणाऱ्या आरोग्यसेविकांच्या मानधनाला हातभार लावा, कारण भीती आईच्या बोलीतच सांगता येते. दोन, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी दर सहा महिन्यांनी मुलांना हे प्रश्न पुन्हा विचारावेत, यासाठी त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचला. तीन, याला पैसा लागत नाही: आजारी मुलासाठी प्रार्थना जरूर करा, पण गोळी बंद कर असे कधीही सांगू नका. आणि प्रार्थनेआधी त्याला विचारा, "बाळा, तुला काय वाटतं?" त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.